डुकरांच्या उंचीची हवा

मार्गशीर्षात मानवतची थंडी हाडात शिरते.
मी ताडपत्र्या शिवल्या, सुतळीनं, दाभणानं,
चारी बाजूंनी, जमिनीपासून थेट पत्र्यापर्यंत.
भोकं राहिली तिथं युरियाच्या रिकाम्या गोण्या.
आत बेचाळीस जीव. त्यांच्याच वाफेवर
शेड रात्रभर विझत्या चुलीसारखं ऊबदार.
वाटलं, जिंकले.

चौथ्या रात्री खोकला सुरू झाला.
आधी एकच, कोपऱ्यातली कानतुटकी,
पोट आत ओढून, कोरडा.
मग तिच्या शेजारची. मग सगळी ओळ.
मी तोंडाला पदर लावून उभी, डोळ्यांना धार.
बल्बच्या उजेडात पिवळी भुकटी तरंगत होती,
मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड.
म्हटलं, धूळ असेल. बसेल खाली.

बा शेडच्या भिंतीला खाट लावून झोपतो.
यल्लप्पा धोत्रे, सव्वीस वर्षं खडी क्रशरवर.
छातीत दगडाचं पीठ बसलंय, असं सेलूच्या डॉक्टरनं
एक्सरे खिडकीला धरून सांगितलेलं.
अंधारातून म्हणाला,
"धा वाजल्यापस्नं मोजायलोय. तीनशे झाले.
निम्मे माझे धर.
बाकीचे त्यांचे हायत."

परभणीहून शाहीन डॉक्टरीणबाई आल्या, स्कूटीवर.
औषधाची पेटी उघडलीच नाही.
आत शिरून म्हणाल्या, बसा.
"कुठं?"
"इथंच. त्यांच्या नाकाला नाक येईल एवढं."

उभ्यानं जे डोळ्यांना नुसतं झोंबत होतं
ते गुडघ्याखाली दाभण झालं होतं.
ओल्या फरशीवरून, तुंबलेल्या मुताच्या नालीतून उठणारं.
दहापर्यंत मोजायचं ठरवलं होतं. सहाला उठले.

ती उठत नाहीत.
त्या वीतभर थरातच खातात, निजतात, पिलं पाजतात.
डोळ्यांखाली काजळ ओघळल्यागत काळ्या रेघा.
एकमेकींच्या शेपट्या चावतात,
त्याला मी इतके दिवस माज म्हणत होते.
बाई म्हणाल्या, आधी नाकातली लव जळते.
मग रोगाला दार ठोठवावं लागत नाही.

तेव्हा आठवला सिकंदराबादचा व्यापारी, पीटरअण्णा.
गेल्या वर्षी फोनवर म्हणाला होता, माल चांगला,
पण फोफसं फेकावी लागली.
पुढचा कोपरा काळजासारखा घट्ट,
पाण्यात टाकला तर बुडाला.
मी हसले होते. फोफसं खातो कोण?

दिवस मावळायच्या आत कोयता घेतला.
आपणच शिवलेलं आपणच फाडताना जिवावर येतं.
पत्र्याच्या खाली, चहूकडून, हातभर फट.
वारा वरून निघून जावा, अंगावर पडू नये.
फरशीवर सोयाबीनची कोरडी गुळी अंथरली,
भरड्यावर पाण्याचा हबका.
नालीचा उतार बानं दाखवला, खाटेवरूनच, बोटानं.
"वड्डराच्या पोरीला पाणी कुठं जातंय दिसना व्हय?"
पहार मी चालवली.

रात्री ती एकमेकींवर रचून झोपली,
पोत्यांची थप्पी लावल्यासारखी.
गारठा आत आला. मी दोनदा उठून पाहिलं.
कानतुटकी अजून खोकत होती.
तिला उशीर झालाय, असं बाई जाताना म्हणाल्या होत्या,
आणि मग बाच्या खाटेकडं बघून गप्प झाल्या.

पहाटे विचारलं, किती?
"सव्वाशे."
थोडं थांबून, धाप आवरून,
"आज माझेच जास्त हायत."

मी त्याच्या खाटेपाशी उकिडवी बसले,
त्याच्या नाकाच्या उंचीला नाक नेऊन.
तिथली हवा स्वच्छ होती.